एकाच ठेक्यावर पन्नास वर्षे : ‘स्टॅलॅग’ रिडिम समजून घेताना

सिस्टर नॅन्सी या गायिकेचे ‘बॅम बॅम’ आणि टेनर सॉ या गायकाचे ‘रिंग द अलार्म’ ही दोन जमैकन गाणी चांगले हेडफोन लावून लागोपाठ ऐकावीत, आणि दुसऱ्यांदा ऐकताना आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त खालच्या अंगाकडे कान द्यावा. पहिले गाणे १९८२ सालचे आहे, दुसरे १९८५ सालचे. एक बाईचे, एक पुरुषाचे; दोघांचे विषय वेगळे, सुरावट वेगळी, शब्द टाकण्याची ढबही वेगळी. पण आवाज बाजूला सारला की लक्षात येते की खाली चाललेली बेस गिटारची जड, संथ, परत परत येणारी ओळ दोन्हीकडे तीच आहे. हे पहिल्यांदा ध्यानात आल्यावर आपल्या मनात येणारा शब्द बहुधा ‘चोरी’ हाच असतो. प्रत्यक्षात ही दोन्ही गाणी एकाच निर्मात्याने काढली होती, दोन्ही वेळा तोच पाया त्याने जाणूनबुजून वापरला होता, आणि तो पाया त्याने १९७३ सालीच तयार करून घेतला होता. त्या पायाला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात, आणि या विशिष्ट रिडिमचे नाव आहे ‘स्टॅलॅग १७’.

‘रिडिम’ हा इंग्रजी ‘रिदम’चा जमैकन उच्चार आहे, पण अर्थ मात्र ‘ताल’ किंवा ‘ठेका’ एवढाच नाही. बेस गिटारची ओळ, ड्रमची चाल आणि त्यांवर गिटार, पियानो किंवा ऑर्गनने धरलेले थोडेसे स्वरसमूह, असा हा तयार सांगाडा असतो. त्यात सर्वांत महत्त्वाची असते ती बेसची ओळ, कारण रिडिमची ओळख तिच्यावरूनच पटते. ड्रमची चाल शेकडो गाण्यांत सारखी असू शकते. प्रत्येक गाजलेल्या रिडिमला स्वतःचे नाव असते आणि ते नाव गाण्यांच्या नावांपेक्षा स्वतंत्रपणे जगते. त्यामुळे जमैकन श्रोता गाण्याविषयी बोलताना हे गाणे कोणाचे, आणि ते कोणत्या रिडिमवर आहे, अशा दोन गोष्टी विचारतो.

मराठी वाचकाला हे समजावताना ‘चाल’ हा शब्द लगेच आठवतो. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध पदाची ओळ दिलेली असते, आणि वारकरी भजनात एकाच चालीवर कितीतरी अभंग म्हटले जातात; त्यात कोणाला चोरी दिसत नाही. मात्र येथे एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे चाल म्हणजे गळ्यातली सुरावट. ती कायम राहते आणि शब्द बदलतात. रिडिमच्या बाबतीत शब्दही बदलतात आणि सुरावटही बदलते, कायम राहतो तो खालचा पाया. म्हणून मला ‘चाल’पेक्षा तबल्याच्या एकल वादनातला लहरा अधिक जवळचा वाटतो. सारंगी किंवा हार्मोनियमवर एकच छोटी सुरावट तासभर अखंड वाजत राहते, आणि ती बदलत नाही म्हणूनच तबलजीने कोणत्या आवर्तनात काय केले, कुठे ओढले, समेवर कसा आला हे ऐकणाऱ्याला मोजता येते. रिडिममध्ये लहरा बेस गिटार धरते, आणि तबलजीच्या जागी गाणारा उभा असतो.

रेगे या जमैकन संगीतप्रकाराच्या पायाची रचना कानाला कशी ओळखावी, हेही येथेच सांगितले पाहिजे. चार मात्रांचे आवर्तन धरा. पाश्चात्त्य रॉक संगीतात पहिल्या मात्रेवर ड्रमचा मोठा ठोका येतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ नावाच्या घाटात ती पहिली मात्रा ड्रमवाला मोकळी सोडतो आणि आपले वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतो. गिटार किंवा पियानो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक, कोरडा आघात देतो. ज्या ठिकाणी आपला कान समेची वाट पाहत असतो तेथे पोकळी मिळते, आणि त्या पोकळीतून बेस गिटार वाट काढत जाते. रॉकमध्ये बेस बहुधा मागे राहून आधार देते. रेगेमध्ये ती गाण्याचा मुखडाच सांभाळते. फोनच्या छोट्या स्पीकरवर रेगे ऐकणे म्हणजे सुरपेटी बंद ठेवून ख्याल ऐकण्यासारखे आहे, कारण जे मुख्य ते तेथे ऐकूच येत नाही. हे संगीत मोठ्या भोंग्यांसाठी, अंगणात उभे राहून छातीत जाणवावे म्हणून घडले.

आणि ते मोठे भोंगे हेच या पद्धतीचे मूळ आहे. १९५०च्या दशकापासून जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टन शहरात, ‘साउंड सिस्टम’ नावाची फिरती यंत्रणा उभी राहिली: ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर, माणसाच्या उंचीचे स्पीकर, तबकड्या आणि त्या लावणारा माणूस. ज्यांना हॉटेलांतल्या वाद्यवृंदांच्या जागी प्रवेश परवडत नव्हता त्यांच्यासाठी ही मोकळ्या जागेतली नाचाची मैफल होती. येथे शब्दांचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, किंवा ती चालवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जमैकात त्या भिंतीला आणि तिच्यासोबतच्या सगळ्या मंडळींना मिळून ‘साउंड’ म्हणतात, तबकड्या निवडणारा आणि लावणारा तो ‘सिलेक्टर’, आणि हातात माइक घेऊन तालात बोलणारा, म्हणणारा, श्रोत्यांना चेतवणारा तो ‘डीजे’. म्हणजे जमैकन डीजे हा तबकडीला हात न लावणारा कलाकार असतो. या लेखात पुढे ‘डीजे’ हा शब्द त्याच अर्थाने येईल.

आता गाण्यातून आवाज काढून उरलेला पाया स्वतंत्रपणे वाजवण्याची कल्पना कशी आली, याची नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनमधल्या रडी रेडवुड या साउंडवाल्यासाठी ट्रेझर आइल स्टुडिओत एक खास तबकडी कापली जात होती. गाणे होते द पॅरागॉन्स या गटाचे ‘ऑन द बीच’. ध्वनिमुद्रण अभियंत्याकडून तीत आवाजाचा भाग चुकून राहून गेला. रेडवुडने ती तबकडी नाचाच्या रात्री मूळ गाण्यापाठोपाठ लावली, आणि गर्दीने रिकाम्या जागेत ते गाणे स्वतःच म्हटले. आवाजाविना वाजणारे गाणे हे अपुरे गाणे नसून गाण्यासाठी मोकळी सोडलेली जागा आहे, हे त्यातून व्यवसायाला उमगले. लवकरच सात इंची तबकडीच्या एका बाजूला गाणे आणि मागच्या बाजूला ‘व्हर्जन’, म्हणजे आवाज वगळलेला पाया, अशी रीतच पडली. त्या मागच्या बाजूवर साउंडचे डीजे आपले बोल म्हणू लागले. १९७०मध्ये यू-रॉय या डीजेच्या, जुन्या गाण्यांच्या पायावर केलेल्या तबकड्यांनी जमैकाच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीतल्या वरच्या जागा एकाच वेळी पटकावल्या, तेव्हा माइकवर बोलणारा माणूस हाही ध्वनिमुद्रणाच्या योग्यतेचा कलाकार आहे यावर शिक्कामोर्तब झाले.

या रीतीमागे पैशाचेही साधे गणित होते. जेमतेम वीस लाख वस्तीच्या त्या बेटावर स्टुडिओचा तास आणि वादकांचा मेहनताना हा निर्मात्याचा मोठा खर्च असे. एकदा चांगला पाया टेपवर आला की त्यावर दहा गायकांना बोलावून दहा तबकड्या काढता येत, आणि नाचाच्या रात्री सिलेक्टरला त्या एकामागोमाग एक, ठेका न मोडता लावता येत. काही वेळा जुनीच टेप पुन्हा वापरली जाई, काही वेळा तीच बेसची ओळ नव्या वादकांकडून नव्या ढंगात वाजवून घेतली जाई. १९७४ साली रूपी एडवर्ड्स या निर्मात्याने ‘यामाहा स्कँक’ नावाची संपूर्ण लाँगप्ले एकाच रिडिमवर काढली. अशा प्रकारची ती पहिली तबकडी मानली जाते. पैशाचे कारण खरे असले तरी सगळे श्रेय त्याला देणे मला पटत नाही. काटकसरीमुळे जन्मलेली रीत पुढे पन्नास वर्षे श्रोत्यांनी मागणी करून टिकवली, ती तिच्यात ऐकण्याचा एक वेगळा आनंद सापडला म्हणून.

‘स्टॅलॅग १७’ या पार्श्वभूमीवर १९७३ साली जन्मला. निर्माता होता विन्स्टन रायली. तो मुळात गायक. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत असतानाच त्याने ‘द टेक्निक्स’ हा गायकांचा गट उभा केला, आणि पुढे त्याच नावाचे तबकड्यांचे लेबल काढले. वाजवणारा होता अ‍ॅन्सेल कॉलिन्स, ऑर्गन आणि पियानोवर हात बसलेला वादक. या जोडीने याआधीच मोठे यश पाहिले होते: डेव्ह बार्कर आणि कॉलिन्स यांची, रायलीने निर्मिलेली ‘डबल बॅरल’ ही तबकडी १९७१ साली ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. तीत ड्रम वाजवणारा पोरसवदा मुलगा म्हणजे पुढे जगभर नाव झालेला स्लाय डनबार. ‘स्टॅलॅग १७’ ही मूळ तबकडी केवळ वाद्यांची आहे. वर कॉलिन्सचा ऑर्गन आणि खाली ती बेस. नाव १९५३ सालच्या एका अमेरिकन युद्धपटावरून घेतलेले आहे. त्यात दाखवलेल्या, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीचा आणि या संगीताचा काडीचाही संबंध नाही. त्या काळच्या किंग्स्टनमध्ये युद्धपट आणि काउबॉयपट पाहण्याचे वेड होते, आणि शब्द नसलेल्या धुनेला नाव द्यायचे तर ते सिनेमावरून उचलण्याची पद्धतच होती.

त्यावर सुरुवातीच्या काळात बोललेल्या डीजेंपैकी एक म्हणजे बिग यूथ. त्याचे ‘ऑल नेशन्स बाव’ हे रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या श्रद्धेचे, भारदस्त बोलांचे गाणे आहे. त्यात या बेसचा जडपणा एखाद्या प्रार्थनेच्या गंभीरपणासारखा वाटतो. हे नोंदवून ठेवावे असे आहे, कारण त्यानंतर त्याच पायावर ज्या गाण्याने जमैकात धुमाकूळ घातला त्याचा स्वभाव अगदी उलटा होता. १९७९ सालचे ते गाणे ‘आर्लीन’, आणि म्हणणारा जनरल एको. त्याचे खरे नाव अर्ल रॉबिन्सन. तो ‘स्टिरिओफोनिक’ या साउंडवर बोलत असे, आणि ‘स्लॅकनेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चावट, द्व्यर्थी बोलांचा तो बादशहा होता. बिग यूथच्या हाती जो पाया प्रार्थनेचा होता तोच एकोच्या हाती मिस्कील झाला. पाया निर्विकार असल्याशिवाय हे शक्य होत नाही, आणि चांगल्या रिडिमची कसोटी मला यातच दिसते: तो स्वतः कोणतीही भावना ठामपणे सांगत नाही, पण वर येणाऱ्या प्रत्येक भावनेला वजन देतो.

एकोला फार काळ मिळाला नाही. नोव्हेंबर १९८०मध्ये किंग्स्टनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याच्या साउंडवरचे दोन सहकारी मारले गेले. त्याच वर्षी जमैकात अतिशय रक्तरंजित सार्वत्रिक निवडणूक झाली होती आणि शहरात बंदुकीचे राज्य होते. पण मरण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली होती. एका तरुण मुलीला तो रायलीकडे पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी घेऊन गेला होता.

ती मुलगी ऑफ्लिन रसेल, म्हणजेच सिस्टर नॅन्सी. जन्म १९६२चा, किंग्स्टनमधला, पंधरा भावंडांच्या धर्मपरायण घरातला. तिचा थोरला भाऊ ब्रिगेडियर जेरी हा त्या काळचा मोठा डीजे, आणि त्याच्या मागे मागे जाऊन तिने माइक हाती घेतला. हे वाचायला सोपे वाटते, पण नाचाच्या त्या रात्रींत माइकभोवती उभ्या असलेल्या रांगेत फक्त पुरुष असत. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या, गर्दीच्या, अनेकदा धोक्याच्या त्या जागी एका विशीच्या आतल्या मुलीने आपली पाळी मागून घ्यायची, आणि पुरुष डीजे ज्या जोरावर गर्दी जिंकत त्या चावटपणाला हात न लावता गर्दी जिंकायची, हे काम तिने केले. रेगे सनस्प्लॅश या जमैकाच्या मोठ्या महोत्सवात डीजे म्हणून उभी राहणारी ती पहिली स्त्री होती.

१९८२ साली तिची ‘वन, टू’ ही लाँगप्ले तयार होत होती. तबकडी पुरी होण्यासाठी एक गाणे कमी पडत होते, आणि ते भरून काढण्यासाठी, ऐनवेळी, स्टॅलॅगच्या पायावर तिने जे म्हटले ते ‘बॅम बॅम’. ध्रुपदाचा धागा तिने जुन्या गाण्यातून घेतला. टूट्स हिबर्टच्या ‘द मेटल्स’ या गटाने १९६६ साली ‘बॅम बॅम’ नावाच्या गाण्यावर जमैकाच्या स्वातंत्र्य महोत्सवातली गीतस्पर्धा जिंकली होती. म्हणजे तीस वर्षांनंतर जे गाणे जगभर ‘तिचे’ म्हणून ओळखले जाणार होते त्याचा पाया कॉलिन्सचा, ध्रुपद मेटल्सचे. मग तिचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गाणे नीट ऐकल्यावरच मिळते. बेसची ओळ आपले आवर्तन पुरे करते त्या ठिकाणी ती वाक्य संपवत नाही. ती ओळ ओलांडून पुढे जाते, थोडी थांबते, आणि पुढचा शब्द ड्रमच्या मोकळ्या सोडलेल्या मात्रेत टाकते. बोलणे आणि गाणे यांच्या मधल्या पट्टीत तिचा आवाज राहतो, आणि तो कुठेही वर चढून लक्ष मागत नाही. विषयही तिचा स्वतःचा आहे: माझ्या महत्त्वाकांक्षेबद्दल लोक इतके का बोलतात, हे मला कुठून आले असे का विचारतात, असे ती विचारते, आणि हे आपल्याला जन्मतःच मिळाले आहे असे सांगते. ज्या जागी बाई उभीच राहत नसे त्या जागेविषयीचे ते निवेदन आहे, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही. स्टॅलॅगच्या बेसइतकाच तो स्वर स्थिर आहे.

जमैकात हे गाणे तेव्हा फारसे वाजले नाही. १९९६ साली नॅन्सी अमेरिकेत न्यू जर्सीला राहायला गेली आणि तेथे तिने अनेक वर्षे बँकेत हिशेबाचे काम केले. तिकडे तिचा आवाज मात्र तिच्याशिवाय हिंडत होता. हिप-हॉपच्या निर्मात्यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी उचलला, लॉरिन हिलच्या १९९८च्या ‘लॉस्ट वन्स’मध्ये त्याचे पडसाद आले, आणि त्याच वर्षी एका अमेरिकन चित्रपटात ते गाणे वाजताना ऐकून त्याची व्याप्ती तिला कळली. पुढे २०१६मध्ये कान्ये वेस्टच्या ‘फेमस’मध्ये आणि २०१७मध्ये जे-झीच्या ‘बॅम’मध्ये ते आले. या गाण्याचे पैसे आपल्याला ३२ वर्षे मिळाले नाहीत असे तिने मुलाखतींत सांगितले आहे. २०१४ साली बुटांच्या एका जाहिरातीत आपलाच आवाज ऐकल्यावर तिने वकील गाठला, आणि त्यानंतर तिला मागच्या दहा वर्षांची रक्कम व त्या लाँगप्लेच्या हक्कांत निम्मा वाटा मिळाला. बत्तीस वर्षांच्या जागी दहा वर्षांची रक्कम, हा हिशेब वाचताना मला अजूनही वाईट वाटते.

टेनर सॉची गोष्ट याहून छोटी आहे. क्लाइव्ह ब्राइट हे त्याचे नाव. जन्म १९६६चा, किंग्स्टनच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीतला. गाणे शिकला तो चर्चमध्ये. ‘रिंग द अलार्म’ म्हटले तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता. गाण्याचा विषय साउंड सिस्टमच्या चढाओढीचा आहे: दोन साउंड समोरासमोर उभे राहतात, आलटून-पालटून तबकड्या लावतात, आणि गर्दी ज्याला दाद देत नाही तो ‘मरतो’. घंटा वाजवा, आणखी एक साउंड मरतो आहे, असे तो सांगतो. हे बढाईचे बोल आहेत, पण सूर बढाईचा नाही. मोजक्या स्वरांत, किंचित खालच्या अंगाने, जणू मूळ पट्टीच्या कडेवर चालत तो गातो, आणि त्यामुळे विजयाच्या घोषणेला शोकगीताची छाया येते. ज्या बेसने नॅन्सीला स्थैर्य दिले त्याच बेसने येथे भय निर्माण केले. १९८८ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे टेनर सॉचा अकाली मृत्यू झाला. तेव्हा तो बावीस वर्षांच्या आसपासचा होता.

हे गाणे १९८५ साली आले याला एक विशेष अर्थ आहे. त्याच वर्षी किंग जॅमी या निर्मात्याने वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’ या गाण्याने जमैकन संगीताची दिशाच फिरवली. त्याचा पाया कोणत्याही वादकाने वाजवलेला नव्हता. कॅसिओच्या ‘एमटी-४०’ या छोट्या कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेला एक ठेका त्यासाठी वापरला होता, आणि तो ठेका हिरोको ओकुडा या जपानी अभियंता स्त्रीने रचला होता. रातोरात सगळ्यांना संगणकी पाया हवासा वाटू लागला. अशा वर्षी माणसांनी हातांनी वाजवलेला, बारा वर्षांचा जुना पाया नव्या पोराच्या गळ्याखाली तितक्याच ताकदीने उभा राहिला. रायलीनेही त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. एकाच रिडिमवरची गाणी एकत्र करून त्याने लाँगप्ले काढल्या आणि त्यांच्या नावांत १७च्या पुढे १८, १९ असे आकडे चढवत नेले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ जो या साऱ्यात सुरुवातीपासून दडलेला आहे. एवढ्या गाण्यांचा आधार असलेली ती बेसची ओळ कोणाची? व्यवहारात उत्तर सरळ होते: टेप ज्याच्या मालकीची त्याची, म्हणजे निर्मात्याची. वादकाला त्या दिवसाचा, गाण्यामागे ठरलेला मेहनताना मिळे आणि तो घरी जाई. पुढे ती ओळ शंभर वेळा वापरली गेली तरी त्याचा त्यात वाटा नसे. गायकाचीही गत बहुधा तीच. जमैकात १९११ सालचा ब्रिटिश काळातला कॉपीराइट कायदा १९९३पर्यंत चालू होता, आणि स्वतःचा आधुनिक कायदा त्या वर्षी अमलात आला. म्हणजे रिडिमची बहुतेक सगळी थोर निर्मिती जुन्या कायद्याच्या छायेत झाली. शिवाय कॉपीराइटची कल्पनाच मुळात शब्द आणि गळ्यातली सुरावट यांभोवती रचलेली आहे. ज्या संगीतात सुरावट क्षणभंगुर आणि बेस चिरंतन आहे, त्या संगीताला ही मोजपट्टी उलटी पडते: जे रोज बदलते त्याला संरक्षण, आणि जे टिकते त्याच्याविषयी संदिग्धता.

अलीकडे हा प्रश्न थेट न्यायालयात गेला आहे. १९८९ साली स्टीली आणि क्लीव्ही या जमैकन जोडीने ‘फिश मार्केट’ नावाचा रिडिम केला; पुढे लॅटिन अमेरिकेतल्या रेगेटॉन संगीताचा मूळ ठेका त्यातून आला असे मानले जाते. २०२१ साली क्लीव्ही ब्राउन याने आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा लावला, आणि पुढे त्यात शंभराहून अधिक कलाकारांना प्रतिवादी केले. मे २०२४मध्ये न्यायाधीशांनी तो दावा प्राथमिक टप्प्यावर फेटाळण्यास नकार दिला.

या दाव्याविषयी माझे मन एका बाजूला झुकत नाही असे नाही. वादकाला न्याय मिळालाच पाहिजे, आणि ‘आमच्याकडे अशीच रीत होती’ हे उत्तर ज्याला कधी काही मिळाले नाही त्याच्या तोंडावर मारता येत नाही. पण ‘बॅम बॅम’ डोळ्यांसमोर ठेवले की हेही दिसते की परवानगीच्या कागदावाचून एका पायावर दुसऱ्याचे ध्रुपद आणि तिसऱ्याचे बोल एकत्र आले नसते, तर ते गाणे झालेच नसते. वापर मोकळा ठेवावा आणि कमाईत मात्र प्रत्येकाचा हिस्सा लिहून ठेवावा, हा मार्ग मला योग्य वाटतो. जमैकाने पहिली गोष्ट फार सुंदर रीतीने केली. दुसरी गोष्ट व्हायला नॅन्सीच्या बाबतीत तीन दशके लागली, आणि तीही तिने स्वतः दार ठोठावल्यावर.

विन्स्टन रायलीवर नोव्हेंबर २०११मध्ये त्याच्या किंग्स्टनमधल्या घरी गोळी झाडली गेली, आणि जानेवारी २०१२मध्ये तो वारला. त्याने काढलेल्या शेकडो तबकड्यांपैकी स्टॅलॅगचे नाव आजही जिथे रेगे वाजते तिथे निघतेच.

ज्यांना हे सगळे वाचून प्रत्यक्ष ऐकायचे असेल त्यांनी क्रम असा ठेवावा: आधी अ‍ॅन्सेल कॉलिन्सचा शब्दांविना असलेला ‘स्टॅलॅग १७’, दोनदा; बेसची ओळ स्वतःला गुणगुणता येईपर्यंत. मग बिग यूथ, मग ‘आर्लीन’, मग ‘बॅम बॅम’, मग ‘रिंग द अलार्म’. साउंडच्या रात्री सिलेक्टर हेच करतो. सुई टेकते, बेस सुरू होते, आणि पहिल्याच आवर्तनात गर्दी ती ओळखून आरडाओरड करते. त्या क्षणी रिडिम कोणता हे सगळ्यांना कळलेले असते, पण वर कोणाचा आवाज येणार हे फक्त सिलेक्टरला माहीत असते.